सारे चांगले हायेत

शाळेच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत चुन्याचे गोल आखले होते. एकेका गोलात एकेक पोर आणि मागे त्याची आई. दीड वर्षानं शाळा उघडत होती. कामिनीनं हातातलं हमीपत्र पुन्हा वाचलं. 'आमच्या घरात कोणालाही ताप, सर्दी, खोकला नाही.' खाली तिचीच सही होती.

घरी सासूबाई चार दिवसांपासून तापानं फणफणत होत्या. गल्लीत टायफॉईड म्हणून सांगून झालं होतं. तपासणीचं नाव कोणी काढत नव्हतं. उद्या केळी कापायची होती. घरात कोरोना आहे असं कळलं असतं, तर मजुरांनी बागेत पाऊल ठेवलं नसतं, आणि झाडावरच घड पिकला की व्यापारी त्याकडे ढुंकून बघत नाही. बरं, मोनालीला घरी ठेवावं, तर पहिल्याच दिवशी पोरगी का ठेवली म्हणून गल्लीभर चौकशी. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण मोनाली परवापर्यंत आजीच्याच कुशीत झोपत होती, हे कामिनीला विसरता येत नव्हतं.

"इचारलं तं सारे चांगले हायेत म्हनजो," ती लेकीच्या कानाशी वाकली. "आजीचं सांगजो नको."

"माहीत हाय, मम्मी."

फाटकातल्या मॅडमनी मोनालीच्या कपाळावर तापाचं यंत्र धरलं, आकडा पाहिला. "घरी सगळे बरे आहेत ना गं?"

"सारे चांगले हायेत, मॅडम."

पोरगी अडखळलीसुद्धा नाही.

"गुणाची गं!" म्हणत मॅडमनी हमीपत्र घेतलं आणि गठ्ठ्यात ठेवलं.

कामिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा वर्षांच्या लेकराला आपण खोटं शिकवलं, आणि ते किती लवकर शिकलं! घरी परतायचं सोडून ती वर्गाच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

आत एका बाकावर एकच मूल होतं. पहिल्या रांगेत चेलना बसली होती, किराणा दुकानवाल्यांची, मोनालीची जिवाभावाची मैत्रीण. शेजारच्या बाकावर दप्तर ठेवून तिनं जागा धरली होती. मोनालीला पाहताच तिनं दप्तर उचललं.

मोनाली तिच्यासमोरून सरळ पुढे गेली आणि अगदी शेवटच्या, कोपऱ्यातल्या बाकावर बसली.

"अगं, इकडे ये ना! तुझ्यासाठी धरलीय." चेलना उठून तिच्याकडे निघाली.

"तिथेच थांब. माझ्याजवळ येऊ नकोस."

चेलना जागच्या जागी थबकली. दीड वर्षानं भेटत होत्या दोघी. "का गं? मी काय केलं? कट्टी आहेस का माझ्याशी?"

मोनालीनं एकदा खिडकीतल्या आईकडे पाहिलं. मग मास्क नाकावर नीट ओढला आणि चेलनाला करंगळी दाखवली.

"हो. कट्टी."