येते हं

भव्याला सकाळपासून धीर धरवत नव्हता. कॉलेजपासून मनात घोळणारा स्वतःचा कॅमेरा आज मिळायचा होता. पहिला पगार हातात पडताच ती थेट जयनगरला, शिवण्णांच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात येऊन थडकली.

शिवण्णांना फक्त कानडी येई. तिची मराठी घरापुरतीच होती, त्यामुळे दुकानात तीही कानडीच बोलत होती.

"शिकायला ही पन्नास एमएमची लेन्स पुरे, अक्का," म्हणत त्यांनी एक वजनदार एसएलआर कॅमेरा तिच्या हातात ठेवला. तिनं लेन्स उजेडात धरून पाहिली. बुरशी नाही, ओरखडा नाही! डोळा लावला, तर दाराजवळची रिकामी खुर्चीसुद्धा देखणी दिसली.

तिनं बटण दाबलं. आतला आरसा उचलला जातो आणि क्षणभर अंधार होतो, हे तिला ठाऊक होतं. पण अंधार झालाच नाही. त्या क्षणी खुर्चीत नऊवारी नेसलेली एक बाई बसलेली दिसली.

कॅमेरा खाली घेतला, तर खुर्ची रिकामी.

तिनं पुन्हा बटण दाबलं. आता बाई उभी होती, कुठंतरी निघाल्यासारखा पदर सारखा करत.

तरी कॅमेरा काही भव्याच्या हातातून सुटेना. तिनं तो घेतलाच.

दाराशी घरची सवय नडली. 'जाते' म्हणायचं नसतं, म्हणून ती मराठीतच बोलून गेली, "येते हं!"

शिवण्णा न कळून नुसते हसले.

खुर्चीकडून घरच्यासारख्या मराठीत उत्तर आलं, "थांब गं, मीपण येते."