दुसरा आवाज

बनुबाईला हल्ली कमी ऐकू यायचं. मिरजगावला दिलेल्या लेकीला फोन केला की नुसती खरखर, आणि त्यातून "मी मजेत हाय" एवढंच काय ते कळायचं. म्हणून तिसगावच्या बाजारात गेल्यावर तिनं बिनवायरचा हेडफोन घेतला. बारके तिच्या कानात ठरेनात, तेव्हा दुकानदारानं डोक्यावरून घालायचा, दोन्ही कान झाकणारा दाखवला आणि मोबाईलला जोडूनही दिला. बनुबाईनं दुकानाच्या पायरीवर बसूनच पंकजाला फोन लावला.

लेकीचा श्वाससुद्धा ऐकू आला. बनुबाई हरखली. "पंके, बरी हाईस ना गं?"

"बरी हाय म्हन," मागून जावयाचा दबका आवाज आला.

"बरी हाय, आई," पंकजा म्हणाली.

बनुबाईच्या तोंडावरचं हसू विरलं. "आवाज का बसलाय तुझा?"

"सर्दी झालीया, सांग."

"सर्दी झालीया."

म्हणजे आपलं बोलणंही जावई ऐकतोय, हे बनुबाईच्या ध्यानात आलं. तिनं आवाज नेहमीसारखाच ठेवला. "मग येऊ का भेटायला?"

"नगं म्हन. शेतात लई काम हाय म्हन."

"ये, आई," पंकजा एकदम म्हणाली. "आत्ताच्या आत्ता ये."

तिकडं फोन खाली पडला, पण बंद झाला नाही. बनुबाई पिशवी तिथंच टाकून मिरजगावच्या जीपकडं पळत सुटली. पुढचं सगळं तिला अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.