मावशींच्या हातचं

"चार महिने झाले, मास्तर. मावशींच्या हातचा एक घास नाही खाल्लात. आज मला तुमच्या तोंडून कारण कळलंच पाहिजे."

ताईंनी टेबलावर थाप मारली. दुपारची गर्दी नुकतीच ओसरली होती. मास्तर मोरीपाशी उभे होते, कोपरापर्यंत साबणाचा फेस. आपल्या देशात ते शाळेत गणित शिकवायचे. इथे ताईंच्या खानावळीत भांडी घासत. पण सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

"कारण नाही, ताई. भूक नसते."

"घरून शिळा पाव आणता, कोपऱ्यात बसून खाता, आणि भूक नसते?"

मास्तरांनी पुढची थाळी घासायला घेतली.

ताईंचं डोकं तापायला एवढं पुरे होतं. ही खानावळ त्यांनी अख्ख्या गल्लीशी भांडून चालवली होती. निर्वासितांना कामावर ठेवलं म्हणून घरमालकाने नोटीस धाडली. शेजारचा दुकानदार तर गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, "त्या लोकांच्या हातचं कोण खाणार?" ताईंनी त्याला भर रस्त्यात झापलं होतं. तेव्हापासून ताई दिसल्या की तो दुकानातल्या दुकानात लपायचा. आणि आता तीच भाषा आपल्याच मोरीपाशी! तीही मावशींच्याच देशातल्या, त्या होत्या त्याच कैद्यांच्या छावणीतून सुटून आलेल्या माणसाची!

मावशी म्हणजे खानावळीच्या स्वयंपाकीणबाई. खरं कारण त्यांनीच सांगितलं होतं, तेही नजर खाली घालून. "आमच्याकडे मोठ्या घरची माणसं असतात, ताई. आमच्यासारख्यांच्या हातचं खात नाहीत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ताईंनी मनाला लावून घेतलं होतं. मावशींसारखं माणूस त्यांनी दुसरं पाहिलं नव्हतं. पाव कापायला त्यांना वजनकाटा लागत नसे. चाळीस तुकडे, एक जाड नाही की एक पातळ नाही. कोठीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. सकाळी कामाची माणसं आली की त्या दारातच त्यांना आपल्या भाषेत मोजून घ्यायच्या. ऐकून ऐकून ताईंनाही ते आकडे पाठ झाले होते. कितीही उरलं तरी कुणाला तुकडाभर जास्त मिळत नसे. "मावशी बघत असल्या की दुसऱ्यांदा सूप मागायची माझीसुद्धा छाती होत नाही," असं ताईंचा नवरा गल्ल्यावरून म्हणायचा. ताई त्याला गप्प करायच्या. उपासमार काढलेल्या बाईला अन्नाची किंमत असते. तीन वेळा पोटभर गिळणाऱ्याला काय कळणार?

एकदा मावशी म्हणाल्या होत्या, "छावणीत नावं नव्हती, ताई. माणसांना आकडे होते."

"तुमचा कोणता होता?"

"आठवत नाही."

असलं काही विसरलेलंच बरं, असं वाटून ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आणि हे मास्तर! मावशी किल्ल्या खुळखुळवत आत आल्या रे आल्या, की हे हातातलं भांडं ठेवून भिंतीकडे तोंड करून उभे. जणू तोंड पाहिलं तर विटाळ होणार होता. एवढं सोसून आलेला माणूस आणि मिजास काडीची कमी नाही!

टेबलावर मास्तरांचा कागद पडला होता. ते इथे कामाला आहेत, असं ताईंनी लिहून सही-शिक्का द्यायचा होता. उद्या तो कचेरीत पोचला नाही, तर त्यांचा परवाना संपणार. मग सीमेपलीकडे आत्याकडे अडकलेली त्यांची नऊ वर्षांची लेक तिथेच राहणार.

"ताई, तो कागद..."

"देते की! पण आधी लेकीला इथे आणून शिकवणार काय, ते सांगा. माणसांकडे पाठ फिरवायला?" ताईंचा आवाज चढला. "मावशींनी कापलेला एक तुकडा. त्यांच्या हातून घ्यायचा, माझ्यासमोर खायचा. मगच शिक्का."

मास्तरांनी कमरेच्या फडक्याला हात पुसले. कोरडे झाल्यावरही पुसत राहिले.

"खातो," ते शेवटी म्हणाले. "पोरीसाठी खातो."

"उपकारच करताय!"

मावशी पलीकडच्या ओट्यावर संध्याकाळचा पाव कापत होत्या. त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती. किती तो समजूतदारपणा, ताईंच्या मनात आलं. दुसरी कुणी असती तर सुरी आपटून निघून गेली असती.

शिक्का कोठीच्या कपाटात होता. ताईंनी किल्ल्या मागितल्या.

"मी आणते ना, ताई."

"नको, तुम्ही कापा. तुमची कामं काय कमी आहेत?"

मावशींनी कमरेचा जुडगा सोडून त्यांना दिला. चार महिन्यांत पहिल्यांदाच तो दुसऱ्याच्या हातात गेला असेल.

ताई शिक्का घेऊन परतल्या, तेव्हा मास्तर उरलेल्या थाळ्या विसळत होते. त्यांची पाठ दाराकडे होती. जुडगा ताईंच्या बोटात खुळखुळला. मास्तरांनी थाळी अलगद खाली ठेवली, भिंतीशी गेले, तोंड भिंतीकडे केलं आणि दोन्ही हात पाठीमागे धरले.

ताईंचा तोल सुटला. आत्ता, या घडीला, शिक्का हातात असताना! त्या तरातरा मास्तरांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"आता माझ्याकडेही पाठ? मावशी तिकडे ओट्यापाशी आहेत, ही मी आहे! कोण? कोण समजता तुम्ही स्वतःला?"

मास्तर वळले नाहीत. ताठ झाले आणि आपल्या भाषेत, मोठ्याने, एक आकडा बोलले. ताईंना तो कळला. एकशे बारा.

मावशींची सुरी थांबली नाही. पाव कापता कापता, वर न बघता, रोज सकाळी दारात माणसं मोजायच्या त्याच सुरात त्यांनी पुढचा आकडा पुकारला.