वाकलेल्या पिना

"अण्णा, मी बसवू का?" मृण्मयीने दुसऱ्यांदा विचारलं.

"या दुकानात तीस वर्षं मीच बसवतोय," विश्वंभर हसले. पण वर्षभरापासून थरथरणारा उजवा हात त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरला होता. लेकीच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर दुसऱ्या कुणी, अगदी तिनेही, बसवावा हे त्यांना पटत नव्हतं.

खुणेचा त्रिकोण जुळवून त्यांनी प्रोसेसर मदरबोर्डच्या सॉकेटवर आणला. आता फक्त अलगद ठेवायचा होता. तेवढ्यात मनगटाला हिसका बसला, प्रोसेसर बोटांतून निसटला आणि तिरका होऊन सॉकेटवर आदळला.

मृण्मयीने तो उचलला. खाली सॉकेटमधल्या केसासारख्या बारीक पिनांची अख्खी रांग आडवी झाली होती; बोर्ड वाया गेला होता.

"बोर्ड मुळातच खराब होता, अण्णा," ती म्हणाली. "मी बदलून आणते."

आपल्या हाताखाली शिकलेली लेक आज पहिल्यांदा आपल्याशी खोटं बोलली, हे विश्वंभरांना कळलं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग उतरवून तिच्या हातात दिलं.

"नवा बोर्ड आला की तूच बसव," ते म्हणाले.

मग काउंटरच्या आतली आपली खुर्ची त्यांनी स्वतःच उचलली आणि बाहेर, गिऱ्हाइकांच्या बाजूला नेऊन ठेवली.