कोरडी हळद

"बंद करा ते," कुसुमताई म्हणाल्या, आणि कुणी हलायच्या आत त्यांनी स्वतःच डेकची वायर उपटली.

साखरपुड्याच्या हॉलमधलं गाणं थांबलं. नाचता नाचता थांबलेल्या विहीणबाई म्हणाल्या, "आमचं नाचणं खुपलं वाटतं."

घरी शर्मिलाने आईला खोदून खोदून विचारलं. कुसुमताईंनी कूकर लावला. सकाळी होणाऱ्या नवऱ्याचा, अभयचा फोन आला. माझ्या आईची माफी मागा, मगच लग्नाची तारीख धरू.

शर्मिला संतापली, ती आईवरच. त्या वर्षी पुण्यातल्या प्रत्येक लग्नात तेच रिमिक्स वाजत होतं. 'कोरडी हळद अंगाला, बाई, सात पाण्यांनी जाईना.' त्यात चिडण्यासारखं काय होतं?

पण हळद कोरडी कशी? हिंजवडीच्या ऑफिसात तिने सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. सीडीवर 'पारंपरिक' एवढंच छापलेलं. शेवटी शनिवार पेठेतल्या एका दुकानात मूळ कॅसेट सापडली. गायिका वेणूबाई, खडकी.

"पारंपरिक?" खडकीच्या घरी वेणूबाई शर्मिलाला म्हणाल्या. "मी अजून जिवंत आहे म्हणावं."

"आजी, कोरडी हळद म्हणजे काय?"

"गंधक. नदीपलीकडे फटाक्यांची शेड होती. पोरी गंधक चाळायच्या, पिवळ्या व्हायच्या. एकमेकींना नवरी म्हणून चिडवायच्या. एका दुपारी शेड पेटली. आतल्या पोरी आतच राहिल्या. रडगाणं आहे हे, बाई. लोक त्यावर नाचतात."

लग्नाआधी आई फटाक्यांच्या शेडमध्ये कामाला होती, एवढंच शर्मिलाला ठाऊक होतं. त्यावर आई कधी बोलली नव्हती.

तिने तिथूनच अभयला फोन लावला. "माफी तुझ्या आईने मागायची. माझ्या आईच्या मैत्रिणी जळून मेल्या आणि तुम्ही तिच्यासमोर त्यावर नाचलात. जमत नसेल तर लग्न मोडलं समज."

तिने फोन ठेवला.

वेणूबाई तिच्याकडे रोखून बघत होत्या. "आईचं नाव काय तुझ्या?"

"कुसुम. तुम्ही ओळखत असाल."

"मुकादम होती, तीच ना?" वेणूबाई उठून उभ्या राहिल्या. "सीडीवाल्यांनी शेवटचं कडवं कापलं."

"काय होतं त्यात?"

वेणूबाईंनी ते गायलं नाही, नुसतं सांगितलं.

"काम टाकून पळतील पोरी, म्हणून बाई, कुसुमनं बाहेरून कडी घातली."