आरशावर ठेवलेले हात

“नाच निर्दोष आहे,” संस्थेच्या संचालिका उज्ज्वलाबाई म्हणाल्या. “पण राजकन्येची भूमिका रिठदच्या बौद्धवस्तीतली मुलगी करते हे कळलं, तर पुण्या-मुंबईचे पालक आपापल्या मुली उद्याच घेऊन जातील.”

लिलाबाईंनी नातीकडं पाहिलं. धम्मदीपाच्या सॅटिनच्या बुटांच्या टोकांवर रक्त उमटलं होतं. रिसोडबाहेरच्या या बॅले-संस्थेत तिनं सात वर्षं मागच्या रांगेत काढली होती. तिच्याबरोबर खोलीत राहायला एकही मुलगी तयार नव्हती.

“मंग उपाय काय, बाई?”

उज्ज्वलाबाईंनी सरावाच्या दालनातल्या जुन्या आरशावरचा पडदा सारला. “हा ओळख पुसतो. मागं कुणी आपलं म्हणायला उरत नाही. मीही अशीच इथवर आले.”

“नको आजी,” धम्मदीपा हळूच म्हणाली. “तूच मले वळखलं नाही, तं मी नाचू कोनासाठी?”

“गप बस. माह्या डोक्यात लय अडगळ हाय. तुह्या आज्याचं घोरनं पह्यले जाऊ दे.” लिलाबाई हसल्या. मग नातीचा हात धरून त्यांनी तो आरशावर टेकवला. शेजारी आपला ठेवला.

काच गार होती. थोड्या वेळानं तिच्यात नाडीसारखे ठोके पडू लागले.

प्रयोगाच्या दिवशी लिलाबाई कोपऱ्यात बसून विसर पडायची वाट पाहत होत्या. एकेक आठवण चाचपत होत्या. सून लेकीला त्यांच्या मांडीवर देऊन वीटभट्टीवर गेली, ती दुपार. तुरीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून टाचा उचलून चालणारी चार वर्षांची पोर. विहारात वंदना चालू असताना डोलणारी तिची मान. सगळं जागच्या जागी होतं. आज्याचं घोरणंसुद्धा.

आरसा खोटा निघाला. आता कुणीतरी पोरीला ओळखणार आणि तिचं सगळं जाणार.

पण कुणी ओळखलं नाही. धम्मदीपा नाचली ती जमिनीला जणू न टेकता. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात.

गर्दी पांगल्यावर ती फुलं सावरत पायऱ्या उतरली. लिलाबाईंनी तिचं नाव घेतलं नाही. कुणी पाहत नाही असं बघून फक्त तिच्या गालाला हात लावला.

धम्मदीपा झटकन मागं सरली. तिनं गाल पुसला, लिलाबाईंच्या लुगड्याकडं, पायांकडं पाहिलं आणि मागून आलेल्या उज्ज्वलाबाईंना शुद्ध, थंड स्वरात विचारलं, “असल्या बायकांना आत कोण सोडतं?”