किती जगलं?

"किती जगलं?" एवारिस्तोकाकांनी दारातूनच विचारलं.

अठ्ठावीस वर्षांचा हा रिवाज. काचकाम विभागातून काका स्वतः घडवलेली नळी मिर्ताच्या प्रयोगशाळेत आणून देत. आत कीटोनचं द्रावण, हवा पूर्ण उपसलेली, तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलेलं. मिर्ता तिच्यावर लेझरचा एक झटका मारायची. प्रकाश लागताच कीटोनचा रेणू आपल्याच शेपटीतला हायड्रोजन ओढून घ्यायचा, आणि दोन ठिकाणी दोन एकटे इलेक्ट्रॉन घेऊन क्षणभर तग धरायचा. क्षणभर म्हणजे एकशे दोन नॅनोसेकंद. नळीत हवा शिरली, तर ती त्याला आधीच संपवायची. काकांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण एकशे दोन हा आकडा आपल्या हातचा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मिर्ताने पडद्याकडे पाहिलं. तेहतीस.

"एकशे दोन," ती म्हणाली. "नेहमीचंच."

मे महिन्यापासून ती हे खोटं बोलत होती. दुपारच्या येर्बा-चहाची किटली ओतण्याचा मान काकांचा. त्यांनी ती एके दिवशी "आज तुम्ही ओता रे" म्हणत प्रयोगशाळेतल्या पोरांपुढे सरकवली आणि पुन्हा कधी हातात घेतली नाही. त्याच आठवड्यात आकडे घसरले. घरी काकांचं कुणी नव्हतं. काचकाम सुटलं तर या माणसाने दिवस कुठे काढायचा?

काका आत आले. नळी उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. ती हातात थरथरत होती.

"टोकाशी बघ."

"काही दिसत नाही, काका."

"नाहीच दिसणार. केसाएवढं भोक आहे. सकाळी मीच मुद्दाम ठेवलं."

काकांनी नळी टेबलावर ठेवली.

"कधीपासून फसवतेयस, पोरी?"

"मेपासून."

"आणि तुझं काम?"

"संध्याकाळी करते. बुचाच्या कुपीत नायट्रोजन सोडून, हवा हाकलून."

"म्हणजे माझ्या नळ्यांवाचून अडत नाही तुझं." काका खुर्चीत बसले. "आजची किती? खरं सांग."

"तेहतीस."

"बरोबर. भोकच आहे." ते पुढे झुकले. "आणि कालची? काल मी दोन्ही कोपरं टेबलाला टेकवून, श्वास रोखून तोंड बंद केलं होतं. तशी नळी कित्येक महिन्यांत जमली नव्हती."

मिर्ताने कालची नोंद उघडली.

"चौतीस," ती म्हणाली.

काकांनी मान डोलावली. मिर्ताच्या टेबलाचा खालचा खण उघडला. कापसावर तिने मेपासूनच्या नळ्या ओळीने निजवल्या होत्या. त्यांनी भोकाची नळी कालच्या नळीशेजारी ठेवली. दोन्ही अगदी सारख्या दिसत होत्या.